मदत हवी आहे: सहाव्या महिन्यात व्हायव्हॅक्स मलेरिया, प्रायमाक्विन दिलेलं नाही

माझ्या धाकट्या बहिणीला सहावा महिना आहे, पहिलंच बाळंतपण. थंडी वाजून ताप आला, उतरला, एक दिवसाआड पुन्हा चढला. रक्तात व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विनचा तीन दिवसांचा कोर्स झाला, ताप गेला, जेवणही सुरू झालं. पण हिमोग्लोबिन ८.६ वर आलंय आणि घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

नात्यातल्या एका काकांना हाच मलेरिया झाला तेव्हा क्लोरोक्विननंतर १४ दिवस प्रायमाक्विन दिलं होतं, नाहीतर तो उलटतो म्हणून. हिला मात्र डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर बघू. असं का? मधल्या काळात पुन्हा ताप आला तर? बाळाच्या वजनावर परिणाम होतो का? जन्मल्यावर बाळाला मलेरिया होऊ शकतो का, अंगावर पाजलेलं चालेल का? पुढच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे, काय विचारू ते कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी प्रसूतिविभागात काम करते. डॉक्टरांनी प्रायमाक्विन थांबवलं ते अगदी योग्य केलं. जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. आईची तपासणी करता येते, पण पोटातल्या बाळात ते कमी आहे का हे कळायला मार्ग नसतो. म्हणून गरोदरपणी ते देतच नाहीत. काकांच्या उरलेल्या गोळ्या घरात असतील तर कुणी प्रेमापोटीसुद्धा तिला देऊ नयेत.

पण तुमची भीती खरी आहे. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि क्लोरोक्विनने ते मरत नाहीत. तेव्हा बाळंतपणापर्यंत आठवड्याला एकदा क्लोरोक्विन घ्यायचं का, हे पहिलं विचारा. पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. तोवर पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन नको. गुंगी, झटके, धाप, सतत उलट्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर थेट रुग्णालय गाठा. गरोदरपणातल्या मलेरियात रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात जंतू असलेल्या पेशी वारेत अडकून बसतात, कधीकधी स्लाइड साफ दिसते तरीही. पहिलटकरणींना हा धोका जास्त. व्हायव्हॅक्समध्ये वारेचं नुकसान सहसा कमी होतं, पण रक्त कमी होणं आणि बाळाचं वजन अडीच किलोच्या आत राहणं यातही घडतं. म्हणून लोह कसं द्यायचं, हिमोग्लोबिन पुन्हा कधी तपासायचं आणि वाढ बघायला सोनोग्राफी कधी, हे विचारून तारखा लिहून घ्या. रात्री औषध लावलेली मच्छरदाणी हवीच.

आईच्या दुधातून मलेरिया जात नाही, निर्धास्त पाजू दे. बाळाला आईकडून संसर्ग होणं शक्य आहे, पण फार नेहमीचं नाही. लक्षणं बरेचदा दोन-तीन आठवड्यांनी दिसतात: ताप, दूध न ओढणं, मलूल होणं, कावीळ. नवजात बाळाच्या इतर जंतुसंसर्गातही हेच दिसतं, त्यामुळे मलेरियाची शंका कुणाला येत नाही. बालरोगतज्ज्ञांना तिच्या मलेरियाबद्दल आधीच सांगा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. साप्ताहिक क्लोरोक्विनचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, उद्याच फोन करून विचारते. बाळंतपणानंतर प्रायमाक्विन देताना अंगावर पिणाऱ्या बाळाचीही जी-६-पीडी तपासणी करावी लागेल का?

प्रतिसाद:

हो, दोघांचीही. दोन्ही अहवाल हाती आल्याशिवाय पहिली गोळी नको.