छापील चित्रात माहिती ‘लपवायची’ की ‘पेरायची’?

प्रश्न (सांगली): आमच्या छापखान्यात हळदीच्या पाकिटाचं लेबल आलंय. बॅच नंबर चित्राच्या ठिपक्यांतच असा बसवायचाय की डोळ्यांना दिसू नये, पण स्कॅन केल्यावर परत मिळावा. मराठी पत्रकात याला काय म्हणावं? ‘कूटलेखन’ चालेल का?

उत्तर (सातारा): ‘कूट’ नको. कूटलिपी समोर दिसते, फक्त वाचता येत नाही. महानुभाव पंथाच्या पोथ्यांची सकळ लिपी तशीच: वि. का. राजवाड्यांनी उकलेपर्यंत बाहेरच्यांना पोथी दिसे, पण अर्थ लागत नसे. तुमच्या लेबलावर मुळात काही लिहिलंय, हेच कळू द्यायचं नाहीये. अशा लपवण्याला इंग्रजीत ‘स्टेगॅनोग्राफी’ म्हणतात; त्याचा ग्रीक अर्थही ‘झाकलेलं लिहिणं’ असाच. ‘जलचिन्ह’ (वॉटरमार्क) हा शब्द मी कागद बनतानाच त्यात उमटणाऱ्या खुणेसाठी राखून ठेवीन.

प्रश्नकर्ता: मग ‘लपवणे’?

उत्तर (मिरज, छपाईतला): मी ‘पेरणे’ म्हणेन, आणि त्याला कारण आहे. संगणकावरच्या चित्रात पिक्सेलच्या (चित्राच्या एका ठिपक्याच्या) रंगाच्या आकड्यातला शेवटचा बिट, म्हणजे शेवटचा 0 किंवा 1, बदलून माहिती ठेवतात, पण ती छापल्यावर टिकत नाही. छटा जाऊन शाईचे ठिपके येतात, स्कॅन करताना कागद तिरका होतो. म्हणून खूण ठिपक्याच्या आकारातच ठेवतात. झेरॉक्स कंपनीच्या डेटाग्लिफ या छापील खुणांच्या पद्धतीत बारीक तिरप्या रेघा असतात, एकीकडे कलली तर शून्य, दुसरीकडे कलली तर एक; रेघ जाड-बारीक करून चित्राचा गडदपणा साधतात. शिवाय जास्तीची माहिती सोबत घालावी लागते, कारण काही रेघा शाई पसरून जातातच. सगळं बी उगवत नाही, म्हणून जास्त पेरायचं! बरेच रंगीत लेझर प्रिंटर ओळखीसाठी आपणहून छापतात ते डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपकेही असेच पानभर पुन्हा पुन्हा पेरलेले असतात. 2005 मध्ये अशा एका प्रिंटरची 15 बाय 8 ठिपक्यांची जाळी उलगडली, तेव्हा तीत तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर निघाला.

प्रश्नकर्ता: पटलं. आमच्याकडे हळदीची लागण करतात, पेरत नाहीत, पण माहितीला ‘पेरणे’च शोभतं. परत मिळवण्याला ‘काढणी’ म्हणू? ‘नंबर स्कॅनरने काढता येतो’?

उत्तर (सातारा): आपसांत ‘काढणी’ झकास. पत्रकात मात्र नको, गिऱ्हाईक ‘पुसता येतो’ असं समजेल. ‘या चित्रात बॅच नंबर पेरलेला आहे, तो स्कॅन करून वाचता येतो’ असं लिहा.