विषय: रॅम आणि ग्राफिक्स कार्ड वाढवल्यापासून घरचा संगणक मध्येच बंद पडतो

प्रेषक: शिक्षिका, मंडळाची शनिवारची मराठी शाळा (सध्या मुक्काम वेंगुर्ला)

सन्माननीय सभासदांनो,
सप्रेम नमस्कार.

सासूबाईंच्या आजारपणामुळे मी सध्या वेंगुर्ल्यात राहते आणि आपली शनिवारची शाळा इथूनच चालवते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. अलीकडे तास रंगात आलेला असताना संगणक अचानक बंद पडतो आणि तिकडे मुले रिकाम्या पडद्यासमोर ताटकळत बसतात. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी मुलांनी पाठवलेली पठणाची ध्वनिमुद्रणेही याच संगणकावर असल्यामुळे काळजी वाढली आहे, म्हणून हा प्रश्न सर्वांपुढे मांडत आहे.

संगणक २०२० साली जोडून घेतलेला आहे. त्यात रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, बी४५० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) होता. तासांची चित्रमुद्रणे संपादित करताना तो अडखळू लागला, तेव्हा भाच्याच्या सल्ल्याने मे महिन्यात ८ जीबीच्या आणखी दोन रॅम आणि मध्यम ताकदीचे एक ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले. पाऊस सुरू झाल्यापासून दोन प्रकार घडत आहेत. कधी निळा पडदा येतो आणि त्यावरचा संदेश दर वेळी निराळा असतो. कधी कोणताही संदेश न येता संगणक एकदम काळा होऊन पुन्हा सुरू होतो, आणि हे बहुधा संध्याकाळी, म्हणजे नेमके तासाच्या वेळी होते. घराला इन्व्हर्टर आहे. अनवाणी उभे राहून संगणकाच्या पत्र्याला हात लागला तर बारीक झिणझिण्याही येतात. ज्या दुकानातून भाग घेतले तिथे विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. तसे करावे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
शाळेची ताई


प्रेषक: सभासद, देवगड

ताई, नमस्कार.

आमच्याकडे पावसाळ्यात असे झाले की रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवतात आणि ती पुन्हा घट्ट बसवतात. खाऱ्या हवेने संपर्क बिघडतो, हे त्याचे कारण. विंडोज पुन्हा टाकण्यापूर्वी एवढे अवश्य करून पाहावे.

आपला,
देवगडचा सभासद


प्रेषक: निवृत्त विद्युत अभियंता, रत्नागिरी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण लक्षणे इतकी नेटकी लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. तरीही सर्वांत आधी एक काम करावे: मुलांची ध्वनिमुद्रणे आजच एखाद्या बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावीत आणि उतरवलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून ऐकून पाहावी. रॅममध्ये दोष असेल तर नुसता संगणक बंद पडत नाही. फाइल डिस्कवर लिहिली जाताना तीत चुकीचे बिट जाऊ शकतात आणि ते कित्येक महिन्यांनी ध्यानात येते. याच कारणासाठी रॅमची खात्री होईपर्यंत विंडोज नव्याने टाकू नये, कारण सदोष रॅमच्या आधाराने टाकलेले विंडोजही सदोष होण्याची शक्यता असते.

माझे मत असे आहे की आपल्याकडे एक बिघाड नसून दोन आहेत आणि ते एकाच वेळी दिसत असल्यामुळे गोंधळ होत आहे. दर वेळी निराळा संदेश देणारा निळा पडदा बहुधा रॅमकडे बोट दाखवतो, तर संदेशाविना होणारा काळोख बहुधा विजेकडे. मात्र विंडोजमध्ये बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय मुळात चालू असते आणि तिच्यामुळे निळा पडदा क्षणभर येऊन डोळ्यांना न दिसताच निघून जाऊ शकतो, म्हणून अंदाजावर न थांबता नोंद पाहावी. इव्हेंट व्ह्यूअर हा विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम या भागात कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधावी. ही नोंद एवढेच सांगते की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. पण तिच्या तपशिलात बगचेक-कोड नावाची एक ओळ असते. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहिण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र पुरते गोठले असे समजावे. तिथे शून्याखेरीज आकडा असेल तर तो निळा पडदाच होता. जवळपास डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी दिसल्या तर त्याही मला कळवाव्यात, कारण त्या थेट हार्डवेअरच्या त्रुटींच्या असतात.

आता रॅमविषयी. दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या जोड्या स्वतंत्रपणे पूर्ण निर्दोष असूनही एकत्र नांदतीलच असे नाही. रॅमच्या डब्यावर ३२०० हा वेग छापलेला असतो तो बहुधा एक्सएमपी नावाच्या, रॅम वाढीव वेगाने चालवणाऱ्या मांडणीतला असतो आणि त्यासाठी डीडीआर४च्या नेहमीच्या १.२ व्होल्टऐवजी १.३५ व्होल्ट द्यावे लागतात. दुसरीकडे, रायझन ३००० मालिकेसाठी निर्मात्याने जाहीर केलेली मर्यादा दोन रॅम असताना ३२०० आहे, पण चारही खाचा भरल्या की ती एकेरी रँकच्या (चिपांचा एकच गट असलेल्या) रॅमना २९३३ आणि दुहेरी रँकच्या (दोन गट असलेल्या) रॅमना २६६७ वर उतरते. म्हणजे चार रॅम लावून एक्सएमपी तसाच चालू ठेवला तर प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरकडून जाहीर मर्यादेबाहेरचे काम घेतले जाते. पुष्कळांकडे ते निभावतेही. तुमच्याकडे बहुधा निभावत नसावे.

तपासणीसाठी मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करावा. चारही रॅम आज आहेत तशाच ठेवून तो रात्रभर चालू द्यावा. एकही त्रुटी आली तरी ती एक फार आहे असे समजावे. त्रुटी आल्यास बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीत) जाऊन एक्सएमपी बंद करावा आणि हीच तपासणी पुन्हा करावी. त्यानंतर जुनी जोडी एकटी आणि नवी जोडी एकटी तपासावी; दोनच रॅम असताना त्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रॅमही बदलली, ड्रायव्हरही बदलला आणि जागाही बदलली, तर बरे कशाने झाले हे कधीच कळत नाही.

देवगडच्या सभासदांनी खाऱ्या हवेचा मुद्दा मांडला तो अगदी योग्य आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ही पातळी दिवसचे दिवस ओलांडलेली असते. संगणकात साठलेली खारी धूळ मे महिन्यात निरुपद्रवी वाटते, पण जूनमध्ये तीच ओलसर होऊन वीज वाहू लागते. खोडरबर मात्र मी वापरणार नाही. त्याने सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो आणि चुरा खाचेत राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने कड पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच रॅम बसवावी. संगणक समुद्राकडच्या खिडकीजवळ असेल तर तो आतल्या खोलीत हलवावा आणि पावसाळ्यात काम नसले तरी रोज काही वेळ चालू ठेवावा. आतल्या उबेने ओल धरत नाही.

विजेविषयी मला अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे नवा भाग निर्दोष असूनही दोष त्याच्यावरच येतो. एसएमपीएसमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो आणि वीज क्षणभर गेली तरी तो संगणकाला तेवढ्यापुरता जगवतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये हा काळ भरगच्च भारावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद असतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या २० मिलिसेकंदांच्या एका फेऱ्याहूनही कमी. भार हलका असेल तर तोच साठा जास्त पुरतो; भार वाढला की लवकर संपतो, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कपॅसिटर थकलेला असेल तर आणखी लवकर संपतो. आता ग्राफिक्स कार्ड पाहा. ते मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॉटपर्यंत घेऊ शकते, सहा पिनांच्या वेगळ्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांची जोडणी असल्यास १५० वॉटपर्यंत घेऊ शकते. पूर्वी दिवे लुकलुकले तरी तुमचा संगणक तग धरत असे. आता त्याच लुकलुकीत तो धरत नाही. संध्याकाळी गावातला भार वाढून व्होल्टेज खाली येते तेव्हा हे अधिक घडते.

यात इन्व्हर्टरचा भाग मोठा आहे. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक खटका असतो आणि त्यावर यूपीएस व नॉर्मल किंवा इको असे दोन पर्याय असतात. नॉर्मलवर असताना इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी म्हणून बरेच कमी व्होल्टेजही तसेच पुढे जाऊ देतो आणि बॅटरीवर यायलाही जास्त वेळ घेतो. यूपीएसवर हा बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो, जो एसएमपीएसला पेलवतो. खटका कोणत्या बाजूला आहे ते आजच पाहावे. या एका खटक्यापायी लोक मदरबोर्ड बदलताना मी पाहिले आहेत आणि त्याचे मला नेहमी वाईट वाटते.

झिणझिण्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. एसएमपीएसच्या आतील फिल्टरचे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांचा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर पत्रा मुख्य व्होल्टेजच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने केवळ झिणझिण्या येतात. पण त्याचा अर्थ असा की उद्या घरातल्या एखाद्या उपकरणाची फेज (विजेची जिवंत तार) खरोखर पत्र्याला लागली तर तिला जमिनीकडे जायला वाट नाही. आपल्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा नीट उतरत नाही आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, हे जुने दुखणे आहे. परवानाधारक वायरमन बोलावून सॉकेटपाशी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले, तसेच फेज आणि अर्थ यांच्यातलेही व्होल्टेज मोजून घ्यावे. अर्थिंग नसताना सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारे उपकरण) फेजकडून जमिनीकडे काही वळवू शकत नाही, म्हणून परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत.

आपला,
रत्नागिरीचा काका


प्रेषक: शिक्षिका, मंडळाची शनिवारची मराठी शाळा

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

ध्वनिमुद्रणांची प्रत काढून दुसऱ्या लॅपटॉपवर ऐकून घेतली. सर्व सुरक्षित आहेत. त्यानंतर आपण सांगितलेल्या क्रमानेच एकेक गोष्ट केली. चारही रॅम ३२०० वर असताना मेमटेस्टमध्ये त्रुटी आल्या. जुनी जोडी एकटी आणि नवी जोडी एकटी मात्र त्याच वेगावर निर्दोष चालली. एक्सएमपी बंद करून बायोसमध्ये २६६६ हा वेग ठेवल्यावर चारही रॅम रात्रभर एकही त्रुटी न देता चालल्या आणि तेव्हापासून निळा पडदा आलेला नाही. संपादनाच्या गतीत मला तरी काही फरक जाणवत नाही.

संदेशाविना बंद पडण्याच्या नोंदींत बगचेक-कोड शून्यच होता. इन्व्हर्टरचा खटका नॉर्मलवर होता, तो यूपीएसवर केला. वायरमनने पाहिले तेव्हा त्या खोलीच्या सॉकेटमधली अर्थची तार मागे कुठेच जोडलेली नव्हती. ती जोडून खड्डाही नव्याने भरून घेतला आणि झिणझिण्या थांबल्या. आता एवढेच उरले आहे की मोठे चित्रमुद्रण अंतिम स्वरूपात बाहेर काढताना, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण राबत असताना, दुपारी दिवे स्थिर असूनही कधीतरी संगणक काळा होतो. एसएमपीएस बदलावा का?

आपली,
शाळेची ताई


प्रेषक: निवृत्त विद्युत अभियंता, रत्नागिरी

प्रिय ताई,

होय, आता बदलावा. वीज स्थिर असताना केवळ पूर्ण भारावर बंद पडणे, नोंदीत शून्य असणे आणि रॅम निर्दोष ठरलेली असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर थकलेल्या एसएमपीएसवर संशय घेणे रास्त आहे. खात्रीसाठी एवढेच करावे की बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये किंवा तशाच एखाद्या प्रोग्राममध्ये भार असताना १२ व्होल्टचा आकडा पाहावा, तो ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान असायला हवा. हे आकडे मदरबोर्डनुसार थोडे मागेपुढे दाखवतात, म्हणून सीमेवरचा आकडा मल्टिमीटरने ताडून घ्यावा. प्रोसेसर आणि कार्ड यांचे तापमानही त्याच वेळी पाहून ठेवावे, म्हणजे उष्णतेची शंका उरणार नाही.

तुमच्या कार्डासाठी ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (हा कार्यक्षमतेचा दर्जा आहे) किंवा त्याहून वरच्या प्रतीचा एसएमपीएस पुरेसा होईल. नुसत्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नये. १२ व्होल्टच्या वाहिनीवर किती अँपिअर मिळतात ते त्याच्या लेबलावर छापलेले असते, ते पाहावे. पक्के बिल घ्यावे. तास सुरू होण्यापूर्वी नवा एसएमपीएस एखाद्या लांब चित्रमुद्रणावर राबवून पाहावा, आणि तोवर शनिवारचा तास त्या लॅपटॉपवरून घ्यावा.

बसवताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. नव्या एसएमपीएसच्या केबल सुट्या होणाऱ्या असतील तर जुन्या केबल तशाच ठेवून नवा डबा त्यांना जोडू नये, जरी खोबणी तंतोतंत बसत असली तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी निर्मात्यागणिक, कित्येकदा एकाच निर्मात्याच्या दोन मालिकांतही वेगळी असते आणि चुकीच्या केबलने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क कायमची जळू शकते. डब्यासोबत आलेल्या केबलच वापराव्यात आणि हे दुकानदाराला आधी स्पष्ट सांगावे.

आपला,
रत्नागिरीचा काका