दुष्काळी पट्ट्यात पाणी आलं, पण वाटा कोणाला? पाणीहक्क, बेदाणा आणि भूमिहीन (चर्चा)

येरळाकाठ
टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं (पंपाने नदीतून वर उचललेलं) पाणी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या बऱ्याच शिवारांत पोचलं. माळावर द्राक्षं आली, डाळिंब आलं, बेदाण्याची शेडं उभी राहिली. ही मोठीच गोष्ट आहे. माझा आक्षेप वाटणीवर आहे. उपसा योजनेच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकार उचलतं, १९ टक्के लाभधारकांकडून घेतं. म्हणजे दहा एकर भिजवणाऱ्याला दहा एकरांची सवलत, एका एकरवाल्याला एकाची, आणि ज्याचा सातबाराच नाही त्याला शून्य. सार्वजनिक पैसा जमिनीच्या मापाने वाटला की जुनी दरी आणखी रुंदावते.

यावर उत्तर आपल्याच मुलखात मांडलं गेलंय. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण झालं तेव्हा भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने समन्यायी वाटपाची चळवळ आटपाडीपर्यंत गेली. त्याआधी पुरंदरमधल्या नायगावच्या पाणी पंचायतीचे नियम बघा: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस बंद, भूमिहीनालाही हक्क, आणि जमीन विकली तरी पाणीहक्क तिच्याबरोबर जात नाही. माझं म्हणणं एवढंच, की वाटणीचा नियम पाइप पुरण्याआधी ठरला पाहिजे. एकदा बागा उभ्या राहिल्या की कोणी थेंब सोडत नाही.

कुपवाडकर
पटत नाही. भूमिहीन माणूस वाट्याचं पाणी ओतणार कुठे? बागायतदाराच्याच रानात ना? म्हणजे फिरून त्याच दारात. मिरज-कुपवाड किंवा पलूसच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना बघा. पगार खात्यावर जमा होतो, १० कामगार असले की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू, २० असले की पीएफ. मजुरीसाठी कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावं लागत नाही. गावात पैसा आणला की तो गावच्या उतरंडीतूनच खाली येतो, आणि खाली येईपर्यंत संपतो. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, ती गाव सोडूनच वर आली.

हिशेबवही
कुपवाडकर, जतहून कुपवाडला रोज ये-जा होत नाही. आणि वसाहतीत गेलं तरी बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. ठेकेदार बदलला की पीएफचं खातं अडकतं, नोकरीची वर्षं पुन्हा एकपासून मोजली जातात. गलाईवाल्यांचं (सोनं-चांदी गाळणाऱ्यांचं) उदाहरणही अपुरं आहे. तिथे भाऊबंद आधी दुकानात शिकायला ठेवून घेतात. ज्याचं कोणी तिथे नाही, त्याला ती वाट बंदच.

पण धाग्यावर बेदाण्याचं नाव निघालंय तर आकडे मांडू, कारण ‘गावात प्रक्रिया उद्योग काढा’ हे फार सहज बोललं जातं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डीपिंग ऑइलच्या द्रावणात मणी बुडवायचे, मग सावलीत रॅकवर १२ ते १५ दिवस वाळवायचे. गोडी २२ ब्रिक्सच्या (साखर मोजायचं माप) खाली असताना माल काढला तर उतारा घटतो. वाळत असताना अवकाळी आला, हवा दमट झाली, की मणी काळे पडतात आणि दर कोसळतो.

आता भांडवल. समजा ४०० टन द्राक्षं ३० रुपये किलोने घेतली. दोन-तीन महिन्यांच्या हंगामात १ कोटी २० लाख रोख लागले, हाती आला १०० टन बेदाणा. तो शीतगृहात ठेवून दिवाळीची वाट बघायची तर तेवढा पैसा अडकून पडतो. शेड अनुदानातून उभी राहते, खेळतं भांडवल अनुदानातून येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी (शेतकरीच सभासद असलेली) काढली तरी बँक तिच्या संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि हमी देऊ शकतो तो जमीनवालाच. कंपनी त्याच्या मुठीत जाते ती इथे.

माणदेशची लेक
यात बायका कुठे आहेत? बेदाण्याच्या काड्या काढणं, निवडणं, प्रतवारी हे सगळं त्यांच्या हातचं. तरी शेतकरी उत्पादक कंपनीत त्या सभासद नसतात, कारण अर्जाबरोबर सातबारा मागतात. कायद्यात तशी अट नाही. पशुपालन, हातमाग, कुटीरोद्योग करणाराही उत्पादक ठरतो. जतमध्ये माडग्याळी मेंढ्या पाळणारी बाई बिनजमिनीची सभासद होऊ शकते. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. तलाठ्याकडे अर्ज नवऱ्याला करावा लागतो, तो करत नाही, एवढंच अडलंय.

मात्र सभासदत्वावर थांबू नका. कंपनीत एका सभासदाला एकच मत असलं तरी बोनस मिळतो तो व्यवहाराच्या प्रमाणात. वीस टन माल घालणाऱ्याला वीस टनांचा, निवडणारीला काही नाही, कारण तिची मजुरी ‘उत्पादन’ धरली जात नाही. म्हणून निवडणाऱ्या बायकांची वेगळी सहकारी संस्था हवी आणि कंपनीशी किलोवर लेखी दर हवा. पत मिळेल का, असं विचाराल. साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांना निरक्षर म्हणून बँकेचा परवाना आधी नाकारला होता. त्या लिहायला शिकल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली.

बागायतदार
इथे बागवाल्याला सगळे आरोपी धरताहेत. मांडव, तारा, ठिबक, शेततळं, फवारण्या, सगळं कर्जावर. गारपीट झाली तर बुडतो तो मी. निवडणारीची मजुरी त्या दिवशीची त्या दिवशी मिळते, माझी पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) व्यापारी महिनोन् महिने लांबवतो. जोखीम न घेणाऱ्याला मालकी कशी द्यायची? शिवाय २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थेचे (पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचे) सभासद लाभक्षेत्रातले जमीनधारकच. भूमिहीनाचा हक्क कुठल्या कागदावर लिहिणार?

येरळाकाठ
पट्टीचं दुखणं खरं आहे. हळदीसारख्या मालावर पणन मंडळाच्या तारण योजनेत (माल गहाण ठेवून कर्ज) किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी मिळते. बेदाण्यालाही तेवढंच पाठबळ मागायला मी तुमच्याबरोबर उभा राहीन. पण जोखीम फक्त तुमची नाही. वीजबिलातले ८१ टक्के सगळ्यांच्या करातून जातात, काडेपेटी घेणाऱ्या भूमिहीनाच्याही.

कायद्याची अडचणही खरी, तो बदलावाच लागेल. तोवर पुढच्या बंद नलिकेच्या (पाइपलाइनच्या) कामात एवढं करता येईल. प्रत्येक फाट्याला मीटर बसवायचा आणि कुटुंबामागे कोटा ठरवायचा. ज्याला जास्त लागेल त्याने भूमिहीनांच्या गटाचा कोटा भाड्याने घ्यायचा. कुपवाडकरांनी विचारलं ना, पाणी ओतणार कुठे? ओतायची गरजच नाही, भाडं घेतलं की झालं. किंवा गटाने पाच वर्षांच्या लेखी कराराने रान घेऊन चारा लावायचा, माडग्याळी मेंढ्यांना तोच हवा.

कुपवाडकर
भाड्याची कल्पना माझ्या ओसरीच्या मुद्द्याला काही अंशी उत्तर देते, हे मान्य. पण दर बागायतदारांनीच संगनमताने पाडला तर? गटाला दुसरं गिऱ्हाईक कुठून मिळणार?

माणदेशची लेक
किमान दर पाणी वापर संस्थेच्या ठरावात हंगामाआधी लिहायचा आणि पैसे संस्थेनेच पाणीपट्टीबरोबर वसूल करून गटाच्या खात्यावर टाकायचे. घरोघरी मागायला लावलं तर तिसऱ्या पाळीला कोणी देणार नाही.

बागायतदार
आणि आवर्तनच (पाण्याची पाळी) सुटलं नाही, तर? त्या पाळीचं भाडं मी देणार नाही. तेही ठरावात लिहा, मग बोलू.