बेंच मारताना खांदा दुखावला, पुढं पोलिस भरती आहे. व्यायाम चालू ठेवू की बंद?

परभणीचा_गडी:
उजवा खांदा. ७० किलोला बेंच (बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं) मारताना खांद्याच्या बाहेरच्या अंगाला कळ आली. आवाज नाही, सूज नाही, काळंनिळं नाही. तीन आठवडे झाले. हात बाजूनं वर न्यायलो की मधेच दुखतं, पार वर गेला की कमी होतं. त्या कुशीवर झोपता येईना. एक्स-रे नॉर्मल. गोळ्या अन् आराम सांगितला. गोळी असेपर्यंत बरं, जिमला गेलं की परत तेच. तालमीतले म्हणायलेत तेल लावून झटका देऊन बसवून घे. घरी एक रबरी बँड अन् ५ किलोचे दोन डंबेल आहेत. काय करावं?

खांदेदुरुस्ती:
झटका अजिबात घेऊ नका. सांधा निखळलेलाच नाही, तर बसवणार काय? दुखावलेल्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) ओढ बसली तर थोडक्यातलं दुखणं लांबेल.

हात साधारण ६० ते १२० अंशांत असताना दुखणं, त्याच्या वर गेला की कमी होणं आणि त्या कुशीवर झोपता न येणं, ही रोटेटर कफ चिडल्याची नेहमीची लक्षणं. खांद्याच्या गोळ्याला वाटीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू म्हणजे रोटेटर कफ. त्यातल्या वरच्या स्नायूची कंडरा हाडाच्या छपराखालून जाते, बहुतेक वेळा दुखते ती तीच. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. दुखणं नेमकं हासळीच्या हाडाच्या खांद्याकडच्या टोकावर, एका बोटानं दाखवता येईल असं असेल आणि हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडं नेताना वाढत असेल, तर मामला तिथल्या छोट्या सांध्याचा असतो, तो वेगळा.

हात वर धरून ठेवताच येत नाही आणि आपोआप खाली पडतो, दंडात अचानक गोळा आलाय, बोटं बधिर होतात किंवा ताप आहे, यातलं काही असेल तर इथं विचारत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. संभाजीनगरचं घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाई, सगळीकडं सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे.

हे काही नसेल तर आता कामाचं. नुसत्या आरामानं दुखणं थांबतं, पण कंडरेची ताकदही उतरते, म्हणून जिमला गेलं की परत तेच. तिला भार हवाच, फक्त मापात.

पहिले दोन आठवडे: भिंतीला बाजू करून उभं राहा. कोपर ९० अंशांत, कोपर आणि बरगडीच्या मधे टॉवेलची गुंडाळी. हाताची पालथी बाजू भिंतीवर दाबा, निम्म्या जोरानं, ३० ते ४५ सेकंद. असं ५ वेळा, मधे मिनिटभर दम, दिवसातून दोनदा. मग तळहात दाराच्या चौकटीला लावून आतल्या बाजूला तसंच. टॉवेल काढू नका. कोपर अंगापासून सुटलं की काम दुसरेच स्नायू करतात.

नंतर चांगल्या कुशीवर झोपा, वरचा हात बरगडीला टेकवून कोपर ९० अंशांत ठेवा आणि पंजा छताकडं फिरवा. ५ किलोचा डंबेल इथं नको, एवढ्या वजनाला अख्खी पाठ फिरते. अर्धा लिटर पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो, तिथून सुरू करा. १२ ते १५ चे ३ सेट, एक दिवसाआड, खाली आणताना ३ सेकंद. सोपं गेलं की १ लिटरची बाटली. बँडनं रोइंग (बँड समोर अडकवून पोटाकडं ओढणं) पहिल्या दिवसापासून चालेल.

दुखण्याला १० पैकी मार्क द्या. व्यायामात ३ पर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी हवं. रात्रीचा ठणका वाढला तर वजन निम्मं करा, व्यायाम सोडू नका.

लोखंड_लातूर:
वरचं बरोबर. पण बेंच मारायची पद्धत बदलली नाही तर तीन महिन्यांनी हाच प्रश्न घेऊन याल. कोपरं खांद्याच्या रेषेत ९० अंशांवर फाकतात आणि पाठ बेंचवर सैल पडते, तिथं गडबड होते. पाठीच्या पात्या मागं आणि खाली आवळा, कोपरं अंगापासून ४५ अंशांच्या आसपास ठेवा, रॉड छातीच्या खालच्या भागावर उतरवा.

सध्या बेंच बंद. जमिनीवर झोपून डंबेल प्रेस करा, तळहात समोरासमोर. कोपर जमिनीला टेकतं, त्यामुळं खांदा जास्त मागं जात नाही. डिप्स (दोन दांड्यांवर अंग खाली-वर करणं), अपराइट रो (रॉड हनुवटीकडं वर ओढणं), मानेमागून प्रेस आणि तालमीतले जोर, हे सगळं तूर्त बाजूला. जोर वाईट नाही हो, पण खाली बुडी मारताना दुखऱ्या खांद्यावर अख्खं अंग येतं.

बिनदुखता हात वर जायला लागला आणि कुशीवर झोप यायला लागली की बेंचला ३५ किलोवर या, म्हणजे निम्म्यावर. आठवड्यातून दोनदा, ८ चे ३ सेट, दर आठवड्याला २.५ किलो. ७० ला पोचायला १४ आठवडे लागतील. जिममधली पोरं हसतील, हसू द्या. एका प्रेसच्या सेटला दोन रोइंगचे सेट ठेवा.

परभणीचा_गडी:
एवढा वेळ नसला तर? भरतीची जाहिरात कधीही येईल, अन् गोळाफेकीचा गोळा ७.२६० किलोचा आहे. एक जण इंजेक्शन घे म्हणायलाय.

मैदान_बीड:
भावा, शिपाई भरतीत मैदानाचे ५० मार्क. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. म्हणजे ३५ मार्क पायांत आहेत आणि पायाला काही झालेलं नाही. सध्या पळण्यावर जीव टाक.

गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. गोळा मानेपासून सुटला आणि कोपर खाली पडलं की तो क्रिकेटच्या चेंडूसारखा जातो, मग सगळा ताण खांद्यावर. आधी जागेवर उभं राहून पोरींचा ४ किलोचा गोळा घे, निम्म्या ताकदीनं, १०-१२ टाकण्या, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या दिवशी खांदा गप्प राहिला तर ५ किलो, मग ७.२६०. मागच्या पायाचा रेटा आणि कंबरेचा झोका आधी, हात शेवटी.

खांदेदुरुस्ती:
इंजेक्शन बहुतेक स्टेरॉइडचं असतं. काही आठवडे दुखणं दबतं, पण कंडरा तेवढ्या काळात दणकट होत नाही, उलट वारंवार घेतलं तर कमजोर होते. दुखत नाही म्हणून लगेच वजन उचललं की फाटण्याची भीती. घ्यायचंच ठरलं तर डॉक्टरांना गोळाफेकीचं आधी सांगा. गोळी खाऊन जिमला जाणंही तसंच. त्यात आपल्याकडच्या उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन रोज पेनकिलर म्हणजे किडनीवर भार. ६ ते ८ आठवडे हे नीट करूनही फरक नसेल तर सोनोग्राफी करा, एमआरआयची घाई नको.

झोपेचं राहिलंच. उताणं झोपा आणि दुखऱ्या बाजूला कोपराखाली घडी केलेली गोधडी ठेवा, कोपर खांद्याच्या मागं पडता कामा नये. कुशीवर झोपायचं तर चांगल्या कुशीवर, पुढं उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर.