मदत हवी आहे: वाक्यात 'आहे' असूनही 'हॅव' का चुकतं?

मराठी वाक्याच्या शेवटी 'आहे' आलं की 'हॅव' किंवा 'हॅज' लावायचं, असं धरून वाक्यं लिहितेय. ही तीन चुकीची ठरली:

मी त्याला काल पाहिलंय: आय हॅव सीन हिम येस्टरडे.
तिने दोन पत्रं लिहिली आहेत: शी हॅव रिटन टू लेटर्स.
मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतेय: आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.

मराठी तर बरोबर आहे, मग चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
पहिल्या वाक्यात 'काल' आड येतो. मराठीत 'काल पाहिलंय' बिनदिक्कत चालतं, इंग्रजीत 'कधी' याचं संपलेल्या वेळेचं उत्तर वाक्यात आलं की साधा भूतकाळच: आय सॉ हिम येस्टरडे. 'लास्ट वीक', 'इन 2019', 'टू डेज अगो' यांनाही हेच लागू. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट', 'एव्हर', 'नेव्हर' यांच्याशी मात्र प्रेझेंट परफेक्टचं, म्हणजे 'हॅव'/'हॅज' लावून होणाऱ्या काळाचं, चांगलं जमतं.

त्याचा खरा रोख आत्ताच्या स्थितीवर असतो. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही, दार बंदच आहे. 'आय लॉस्ट माय की' म्हणजे हरवली होती. पुढे सापडली की नाही, ते या वाक्यात नाही.

दुसऱ्या वाक्याची गोम वेगळी आहे. 'लिहिली आहेत' हे क्रियापद पत्रांप्रमाणे बदललं, म्हणून तुम्ही अनेकवचनी 'हॅव' घेतलं. इंग्रजी क्रियापद कर्त्याकडेच बघतं: शी हॅज रिटन. पत्रं दोन असोत की दोनशे, 'हॅज'च. सोबत क्रियापदाचं तिसरं रूप हवं. 'हॅज रोट', 'हॅज वेंट' नाही.

प्रतिसाद २
तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत. राहणं तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून 'ॲम लिव्हिंग' पुरत नाही, 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. 'हॅव लिव्हड'ही चालेल. दुसरी चूक आपल्या 'पासून'मुळे होते, कारण तो दोन्हीकडे बसतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स 2020. मोजलेला काळ असेल तर 'फॉर': फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स. लिहिताना 'पासून'च्या आधी तारीख, वार आहे की मोजमाप, तेवढं बघा.

प्रश्नकर्ती
खूप आभार, 'पासून'चं आता नीट कळलं. 'मी मागच्या वर्षी गोव्याला गेले होते' याला 'आय हॅड गॉन' ना?

प्रतिसाद १
नाही, 'आय वेंट टू गोवा लास्ट इयर'. आपल्या 'होते'वरून 'हॅड' घेऊ नका. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधीचं सांगायचं असेल तेव्हा ते लागतं. आणि 'ही हॅज गॉन टू नाशिक' म्हणजे तो नाशिकला गेलाय, अजून परतलेला नाही. 'ही हॅज बीन टू नाशिक' म्हणजे जाऊन आलाय. हा फरक मराठीत तुम्ही रोज अचूक करता, तोच इथे वापरा.