१०० मीटर, १२ सेकंद, पहिले ४ सेकंद त्वरण: उत्तर २.५ कसं येतं?

दादरची_ताई
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ यंदा अकरावी सायन्सला आहे आणि क्लासच्या शीटमधल्या एका गणितावरून कालपासून घरात वाद चाललाय. गणित असं: एक धावपटू उभ्या जागेवरून सुटतो, पहिले ४ सेकंद एकसमान त्वरणाने पळतो, मग जो वेग आला तोच शेवटपर्यंत टिकवतो आणि १०० मीटर बरोब्बर १२ सेकंदात संपवतो, तर त्वरण किती? शीटवर उत्तर २.५ मी/से² दिलंय. भावाने १०० भागिले १२ करून ८.३३ काढले, हा वेग ४ सेकंदात आला म्हणून ८.३३ भागिले ४, म्हणजे २.०८. त्याच्या मित्राने सरळ 'अंतर = अर्धं त्वरण गुणिले वेळेचा वर्ग' या फॉर्म्युल्यात १०० आणि १२ टाकले, त्याचं आलं १.३९. क्लासमध्ये विचारलं तर फळ्यावर एक लांबलचक समीकरण लिहून दिलं, त्याने उत्तर येतं, पण ते समीकरण आलं कुठून हे पोराला कळलेलं नाही. मी कॉमर्सवाली, दहावीचं सायन्स आठवतं तेवढंच. तो स्वतः सकाळी शिवाजी पार्कला पळायला जातो त्यामुळे त्याला हे खरंच समजून घ्यायचंय. कोणी नीट सोडवून सांगेल का प्लीज?

आधी_आलेख
ताई, आधी दोन्ही उत्तरं उलटी तपासून बघायला सांगा त्याला, त्यातच अर्धं गणित सुटतं. त्वरण २.०८ धरलं तर ४ सेकंदांनी वेग ८.३३ आणि तोवर कापलेलं अंतर १६.७ मीटर, उरलेल्या ८ सेकंदांत ८.३३ च्या वेगाने ६६.७ मीटर, म्हणजे १२ सेकंद झाले तेव्हा गडी ८३ मीटरवरच आहे, फिनिश लाइन अजून १७ मीटर लांब. कारण ८.३३ हा अख्ख्या शर्यतीचा सरासरी वेग आहे, सुरुवातीला तो त्याहून हळू पळत होता तर नंतर त्याहून जोरात पळल्याशिवाय सरासरी तेवढी येणारच नाही. मित्राच्या उत्तरात तर धावपटू पूर्ण १२ सेकंद वेग वाढवतच राहतो आणि लाइन ओलांडताना त्याचा वेग होतो १६.७ मी/से, म्हणजे ताशी ६० किलोमीटर! एवढ्या वेगाने माणूस पळत नाही.

आता कागदावर वेग-काल आलेख काढा, नववीच्या 'गतीचे नियम' मध्ये होता तोच. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. शून्यापासून ४ सेकंदांपर्यंत तिरकी रेघ वर जाते आणि ४ पासून १२ पर्यंत सपाट आडवी रेघ. झाला समलंब चौकोन. त्याची खालची बाजू १२, वरची बाजू ८, उंची म्हणजे आपल्याला हवा असलेला वेग. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, म्हणून (१२ + ८) भागिले २ गुणिले वेग = १००. म्हणजे १० गुणिले वेग = १००, वेग १० मी/से. हा वेग ४ सेकंदात आला म्हणून त्वरण १० भागिले ४ = २.५. फळ्यावरचं लांबलचक समीकरण म्हणजे हेच क्षेत्रफळ, फक्त त्रिकोण आणि आयत वेगवेगळे लिहून बेरीज केलेली.

माटुंगा_मास्तर
वरचं उत्तर एकदम बरोबर. मी शिकवतो तेव्हा हीच गोष्ट जरा वेगळ्या बाजूने सांगतो आणि पोरांना ती पटकन लागू पडते असा माझा अनुभव आहे. शून्यापासून एकसारखा वेग वाढत जातो तेव्हा त्या काळातला सरासरी वेग हा शेवटच्या वेगाच्या अर्धा असतो. म्हणजे त्वरणाच्या ४ सेकंदांत तो जेवढं अंतर कापतो तेवढं पूर्ण वेगाने २ सेकंदांतच कापलं असतं. थोडक्यात दादरहून सुटलेली लोकल प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत जो वेळ खाते तसं आहे हे, इथे सुरुवातीला बरोबर २ सेकंद खाल्ले गेले. मग १२ मधून २ गेले, राहिले १० सेकंद, आणि या १० सेकंदांत जणू काही तो पहिल्यापासून पूर्ण वेगानेच १०० मीटर पळाला, म्हणून वेग १०. तोंडी गणित झालं हे.

आता परीक्षेत हेच फिरवून येतं, ते पण आत्ताच करून घ्या. वेळेऐवजी अंतर देतात, म्हणजे 'पहिले २० मीटर एकसमान त्वरण, नंतर स्थिर वेग, एकूण १२ सेकंद'. इथे पोरं अडकतात कारण ४ सेकंद हा आकडाच दिलेला नसतो. पण अर्ध्या सरासरीचा नियम तोच आहे, पहिल्या २० मीटरला पूर्ण वेगाने लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणजे ते २० मीटर ४० मीटरसारखे धरायचे. ४० अधिक ८० म्हणजे १२० मीटर, १२ सेकंद, वेग पुन्हा १०. मग वेगाचा वर्ग = २ गुणिले त्वरण गुणिले अंतर हे समीकरण, १०० = ४० गुणिले त्वरण, २.५. आकडे जुळले कारण गणित तेच आहे. भावाला सांगा की दिलेला आकडा वेळेचा आहे का अंतराचा हे आधी बघायचं आणि मगच सूत्र निवडायचं.

सकाळचा_ट्रॅक
मी कॉलेजात असताना मरीन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर १०० आणि २०० मीटर पळायचो म्हणून भावासाठी थोडं लिहितो. एकसमान त्वरण हे गणितापुरतं ठीक आहे, पण खरा धावपटू तसा पळत नाही, आणि हे त्याला आकड्यांवरून दाखवता येतं. उसेन बोल्टने २००९ ला बर्लिनमध्ये ९.५८ चा विश्वविक्रम केला त्याचे दर १० मीटरचे टायमिंग प्रसिद्ध आहेत. पहिले १० मीटर १.८९ सेकंदात, त्यातले ०.१४६ सेकंद तर बंदुकीचा आवाज ऐकून हलायलाच गेले, म्हणजे प्रत्यक्ष पळण्याचे १.७४. एकसमान त्वरण धरून काढलं तर साधारण ६.६ मी/से² येतं, आणि मग १० मीटरवर त्याचा वेग ११.५ मी/से व्हायला हवा. तसं असतं तर पुढचे १० मीटर ०.८७ सेकंदाच्या आत व्हायला हवे होते, पण लागले ०.९९. म्हणजे त्वरण सुरुवातीला ६.६ च्याही वर होतं आणि १० मीटर व्हायच्या आतच उतरायला लागलं होतं. ते शून्याकडे सरकत जातं पण वेग मात्र बराच वेळ थोडा थोडा वाढतच राहतो, ६० ते ८० मीटरमध्ये त्याला फक्त १.६१ सेकंद लागले, म्हणजे १२.४ मी/से.

आणि असं का होतं तर पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते, बाकी पुढे नेणारं दुसरं काही नाही. ६० किलोच्या मुलाला २.५ त्वरण हवं तर सरासरी १५० न्यूटन पुढच्या दिशेने मिळायला हवेत. वेग वाढला की प्रत्येक पावलाला पाय जमिनीवर टेकण्याचा वेळ कमी होत जातो आणि तेवढ्यातच ते ढकलणं उरकावं लागतं, वर हवेचा विरोध वाढतो. सुटताना अंग पुढे झुकवून ठेवतात ते याचसाठी, लवकर उभं राहिलं की पुढचं ढकलणं कमी पडतं. शिवाजी पार्कच्या मातीत तर पाय सरकतो, सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक्स घालून पळाल्यावर फरक लगेच कळतो.

दादरची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने आलेख काढून स्वतः २.५ आणलं आणि मास्तरांचं २० मीटरवालं पण त्याने आधी न बघता सोडवलं, मग पडताळलं. आता बोल्टचं वाचून तो म्हणतोय की स्वतःचं त्वरण एकसमान आहे का नाही ते मोबाईलच्या व्हिडिओवरून काढता येईल का? साधा फोन आहे, ३० फ्रेमवाला.

सकाळचा_ट्रॅक
येईल की! ३० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण ०.०३ सेकंद, एवढ्या कामाला पुरेसं आहे. टेपने मोजून १० आणि २० मीटरवर खुणा करा. फोन ट्रायपॉडवर किंवा कट्ट्यावर टेकवून बाजूला जमेल तितका लांब ठेवा, सगळे २० मीटर एका फ्रेममध्ये मावले पाहिजेत, फोन फिरवायचा नाही. तिरकं दिसल्याने खूण चुकते म्हणून खुणेची काठी तो पळणार त्या रेषेवरच, अगदी पायाजवळ हवी. वेळ मोजायला सुरुवात शिट्टीपासून नाही तर अंग पहिल्यांदा हलतं त्या फ्रेमपासून करा, म्हणजे रिॲक्शन टाइम आपोआप बाजूला पडतो, आणि खुणेवर कंबर आली की ती फ्रेम धरा.

मग २० मीटरच्या वेळेला १० मीटरच्या वेळेने भागा. त्वरण एकसमान असेल तर अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून भागाकार १.४१ यायला हवा. बोल्टचा १.५७ येतो. भावाचा पण १.४१ च्या वरच येईल, किती वर ते तीन-चारदा पळून सरासरी काढल्यावर इथे टाका, मग पुढे १० ते २० मधला वेग कसा काढायचा ते बघू.