गेमसाठी टीव्हीचा व्हिव्हिड मोड ठेवावा की नाही?

गुहागरहून (चर्चेचा विषय):

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घ्यायचा ठरला की घरात महिनाभर खल चालतो, मात्र तो ज्या टीव्हीला जोडायचा त्याचा पिक्चर मेनू उघडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आमच्या भागात मी पाहिलेले बहुतेक टीव्ही व्हिव्हिड (रंग आणि उजेड भडक करणाऱ्या) किंवा स्टँडर्ड मोडवरच असतात आणि मुले त्यावरच क्रिकेट, फुटबॉल, गाड्यांच्या शर्यती खेळतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल जोडला आहे तिथे व्हिव्हिड मोड ठेवूच नये, गेम मोडच ठेवावा.

पहिले कारण वेळेचे आहे. व्हिव्हिडमध्ये हालचाल गुळगुळीत दाखवण्याची सोय सहसा चालू असते. त्यासाठी टीव्ही दोन फ्रेमच्या मधले चित्र स्वतः तयार करतो आणि पुढची फ्रेम हाती येईपर्यंत हातातली रोखून धरतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची होते. ही रोखाधरी आणि नॉइज रिडक्शनसारख्या (चित्रातले बारीक ठिपके पुसणाऱ्या) इतर प्रक्रिया मिळून काही टीव्हींवर १०० मिलिसेकंदांहून अधिक उशीर होतो. गेम मोडमध्ये या प्रक्रिया बंद होतात आणि अलीकडच्या टीव्हींवर हाच उशीर साधारण १० ते २० मिलिसेकंदांवर येतो. क्रिकेटच्या गेममध्ये बॅट उशिरा फिरते म्हणून मुले कंट्रोलरला बोल लावतात, तेव्हा दोष पुष्कळदा पडद्याचा असतो.

दुसरे कारण चित्राचे आहे. व्हिव्हिडमध्ये शार्पनेस इतका चढवलेला असतो की अक्षरांभोवती आणि माणसांच्या कडांभोवती पांढरी रेघ उमटते. तो तपशील गेममध्ये मुळात नसतोच, टीव्ही तो वरून घालतो. बहुतेक टीव्हींवर शार्पनेस शून्यावर किंवा त्याच्या आसपास आणला की ही रेघ जाते. कलर टेम्परेचर (पांढरा किती पिवळसर किंवा निळसर दिसावा ते) वॉर्मवर, म्हणजे पिवळसर बाजूला ठेवावे, कारण रंग ठरवताना जो पांढरा प्रमाण धरतात तो ६५०० केल्विनच्या जवळचा असतो आणि व्हिव्हिडचा पांढरा त्याहून बराच निळा असतो.

मालवणहून:

उशिराबाबत आपले म्हणणे मान्य आहे, परंतु चित्राबाबत मला ते पटत नाही. ६५०० केल्विनचा तो प्रमाण पांढरा मंद, नियंत्रित प्रकाशाच्या खोलीसाठी आहे. आमचे घर चिऱ्याचे, टीव्ही ओटीवर, आणि समोर पश्चिमेची मोठी खिडकी. दुपारी तीननंतर पडद्यात गेमपेक्षा खिडकीबाहेरचे माडच अधिक स्पष्ट दिसतात. चतुर्थीला मुंबईहून भावंडांची मुले येतात, ती भर दुपारी दारे सताड उघडी टाकून खेळतात, आणि त्या वेळी पडदे ओढून घ्या असे कोणाला सांगण्यात अर्थ नसतो. स्टुडिओतला अंधार मी ओटीवर कुठून आणू? अशा उजेडात वॉर्म पिवळट आणि मरगळलेले दिसते. आभाळाचा उजेड मुळात निळसर असतो, त्याच्या शेजारी वॉर्म पांढरा पिवळा वाटणारच. व्हिव्हिड हा मोड अशा खोल्यांसाठीच आहे, आणि गंमत म्हणून खेळणाऱ्या मुलांना थोडा उशीर सोसतो. पडद्यावर काही दिसलेच नाही तर मात्र खेळच होत नाही.

गुहागरहून:

आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. उजेडावरचा उपाय बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) आहे आणि तो गेम मोडमध्येही पूर्ण वाढवता येतो. घोटाळा होतो तो ब्राइटनेस नावाच्या पट्टीमुळे. अनेक एलसीडी टीव्हींवर ती पट्टी काळ्याची पातळी बदलते. ती वाढवली की काळा राखाडी होतो आणि कमी केली की अंधारातला शत्रू दिसेनासा होतो. तिला हात न लावता बॅकलाइट शंभरावर न्या, एनर्जी सेव्हिंग बंद करा आणि मग पाहा. दिवसा वॉर्म खटकत असेल तर कलर टेम्परेचर नॉर्मल ठेवायला माझी हरकत नाही, पण तेवढ्यासाठी व्हिव्हिड कशाला? आणि मुलांना उशीर सोसतो हे मला मुळीच मान्य नाही. त्यांना त्याची सवय होते, इतकेच.

दापोलीहून:

एनर्जी सेव्हिंग बंद करण्याला माझा दुजोरा. पावसाळ्यात आभाळ भरून आले की खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर बॅकलाइट उतरवतो आणि ऊन पडले की चढवतो. ऐन खेळात हे फार त्रासदायक होते. शिवाय नकाशाचा कोपरा किंवा धावफलक कडेला कापला जात असेल तर पिक्चर साइझमध्ये जाऊन ओव्हरस्कॅन (चित्र थोडे मोठे करून कडा कापणे) बंद करावा.

वेंगुर्ल्याहून:

या चर्चेत एचडीआर (अधिक उजळ आणि अधिक गडद छटा दाखवणारा चित्रप्रकार) राहून गेला आहे. स्वस्त टीव्हीवर तो कन्सोलमधूनच बंद करावा, असे माझे मत आहे. खोक्यावर एचडीआर छापलेले असते, त्याचा अर्थ तो सिग्नल टीव्ही स्वीकारतो एवढाच. एचडीआर १० हा त्याचा प्रचलित प्रकार ज्या पद्धतीवर बेतलेला आहे ती १०,००० निट्सपर्यंतची (निट हे उजळतेचे माप) उजळता मांडू शकते आणि आपल्याकडच्या साध्या टीव्हीचा पडदा ३०० निट्सच्या आसपास थांबतो. त्यात लोकल डिमिंगही (पडद्याच्या भागाभागातला दिवा वेगळा मंद करण्याची सोय) नसते, त्यामुळे अंधाऱ्या गुहेत एक मशाल पेटली की मशाल फिकी आणि गुहा राखाडी, असे चित्र पदरी पडते. त्यापेक्षा साधा एसडीआर (एचडीआर नसलेले नेहमीचे चित्र) नीट लावलेला बरा.

अलिबागहून:

एवढ्यावर एचडीआर मोडीत काढणे घाईचे होईल. तो वाईट दिसण्याचे एक नेहमीचे कारण असे की, उजळता आटोक्यात आणण्याचे काम कन्सोलही करतो आणि टीव्हीही करतो. प्लेस्टेशन ५ मध्ये स्क्रीन आणि व्हिडिओच्या सेटिंगमध्ये एचडीआर जुळवण्याचे पान आहे. तिथल्या पहिल्या दोन पडद्यांवर सूर्यासारखे चिन्ह जेमतेम दिसेल इथपर्यंत न्यायचे, तिसरा काळ्यासाठी. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्येही गेमसाठी एचडीआर कॅलिब्रेशन आहे. टीव्हीत एचजीआयजी असा पर्याय असेल तर हे करण्यापूर्वी तो निवडावा आणि डायनॅमिक टोन मॅपिंग (टीव्हीने दृश्यानुसार उजळता आपोआप बदलणे) बंद ठेवावे, म्हणजे कन्सोलने ठरवलेल्या उजळतेत टीव्ही पुन्हा ढवळाढवळ करत नाही. कन्सोलमधला एचडीआर ‘नेहमी चालू’ऐवजी ‘गेममध्ये असेल तेव्हाच’ असा ठेवला तर जुने गेमही विनाकारण बदललेले दिसत नाहीत. काही टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी एचडीआरचा पूर्ण सिग्नल वेगळा चालू करावा लागतो, तेही तपासून घ्यावे.

वेंगुर्ल्याहून:

ही सगळी जुळवाजुळव ७०० निट्सच्या टीव्हीवर सार्थकी लागते. पडदाच ३०० वर थांबत असेल तर कन्सोल तरी वरचा उजेड कुठून आणणार? माझा सल्ला साध्या टीव्हीपुरता आहे आणि तो मी बदलत नाही.

मालवणहून:

बॅकलाइट पूर्ण चढवून गेम मोड पाहिला. भर दुपारी चित्र आता ओटीवर दिसते, बॅटही वेळेवर फिरते, तेव्हा व्हिव्हिडचा आग्रह मी सोडतो. वॉर्मबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे: दिवसा नॉर्मल आणि संध्याकाळी पिवळा दिवा लागल्यावर वॉर्म. आमच्या टीव्हीत प्रत्येक एचडीएमआयची सेटिंग वेगळी जपली जाते, म्हणून कन्सोलच्या पोर्टवर हे बदल केले तरी आईच्या मालिकांच्या रंगांना धक्का लागत नाही. एचडीआरची सेटिंग एसडीआरपेक्षा वेगळी साठवली जाते हेही आढळले. त्यामुळे ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे गेम आहेत त्यांनी बॅकलाइट आणि शार्पनेस दोन्हीकडे स्वतंत्रपणे लावावेत.